ठोक्यावर चढलेले शब्द

श्रीगोंद्याच्या आसपास लग्नसराईत रात्री मळ्यात झोपणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. वरात गावात, आपण दोन-अडीच किलोमीटर लांब. मध्ये ऊस, लिंबोणीच्या बागा, कालवा. तरीही डीजेचा ठोका थेट खाटेपर्यंत येतो. धड्, धड्, धड्. गाणं कोणतं चाललंय ते मात्र काही केल्या उमगत नाही. गाणाऱ्याचा एक शब्द पोहोचत नाही आणि ठोका एकही चुकत नाही.

यात केवढं भौतिकशास्त्र भरलंय! बेसच्या डब्यातून निघणारा ठोका साधारण ५० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ५० कंपनं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा या ठोक्याची एकेक लाट जवळजवळ सात मीटर लांब झाली. घर, भिंत, उसाचा फड अशा अडथळ्यांना एवढी लांब लाट सहज वळसा घालते. शब्दांचं तसं नाही. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि त, च, स, ट यांच्यातला फरक सांगणारे बारकावे दोन-चार हजार हर्ट्‌झच्या आसपास असतात. तीन हजार हर्ट्‌झची लाट जेमतेम अकरा सेंटिमीटरची. ती पानापानांत विखुरते, भिंतीवर आपटून मागे फिरते, हवासुद्धा तिला शोषून घेते. त्यात हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा कानावर न येणारी वरात रात्री दारात उभी राहिल्यासारखी वाटते ती यामुळेच.

हे समजून घेतलं की एका वेगळ्याच कारागिरीचं मोल कळायला लागतं. रॅप म्हणजे शब्दच शब्द. एक शब्द निसटला तर यमक गेलं, यमक गेलं तर मजा गेली. नाचाचं संगीत म्हणजे ठोका. तो छातीत बसला नाही तर पाय उचलत नाहीत. एकाला कान हवा, दुसऱ्याला अख्खं शरीर. अंतर वाढलं की निसर्गच ज्यांची फारकत करतो, त्या दोघांना एका गाण्यात, आणि त्याहून कठीण म्हणजे एका पूर्ण अल्बममध्ये, नांदवायचं कसं? जगात काही जणांनी हे साधलंय. आपल्या मराठीतही त्याची सुरुवात झाली आहे, आणि ती इतकी उशिरा का झाली याचंच मला नवल वाटतं. कारण यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आपल्या गावांत आधीपासून होतं.

आधी त्या दोघांच्या नात्याबद्दल. रॅप ज्यात वाढला ते हिप-हॉप संगीत जन्मलं तेच नाचणाऱ्यांसाठी. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. गाण्यातले गायक-वादक थांबतात आणि फक्त ड्रम उरतो, त्या चार-दोन सेकंदांच्या तुकड्याला नाचणारी पोरं सगळ्यात जास्त पेटतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर ठेवून तो तुकडा लांबवायची युक्ती काढली. एकीकडचा संपत आला की दुसरीकडचा सुरू. रॅप करणाऱ्याचं काम तेव्हा किरकोळ होतं: माइक हातात घेऊन नाचणाऱ्यांना चेतवायचं, दोन ओळी जुळवायच्या. शब्द ठोक्याच्या चाकरीत होता.

पुढे शब्द मोठा झाला आणि १९८२ साली एक अजब गोष्ट घडली. त्या एका वर्षात ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या साथीदारांचं ‘द मेसेज’ आलं. गरिबीत पिचलेल्या वस्तीचं वर्णन करणारं ते गाणं होतं. ते ऐकताना माणूस नाच थांबवून कान देत होता. त्याच वर्षी आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांचं ‘प्लॅनेट रॉक’ आलं. त्यात क्राफ्टवर्क या जर्मन मंडळींची यंत्रसंगीताची धून होती, रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ठोका-यंत्राचा खोल घुमारा होता, आणि ते गाणं फक्त आणि फक्त नाचण्यासाठी होतं. शब्द एका वाटेने निघाला, ठोका दुसऱ्या.

आणि याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेले चरणजित सिंग नावाचे वादक जवळपास तीच यंत्रं मांडून बसले होते. तेच टीआर-८०८, त्याच्या जोडीला बेसचे सूर काढणारं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांनी भैरव, ललित, यमन अशा रागांच्या सुरावटी या यंत्रांकडून डिस्कोच्या लयीत वाजवून घेतल्या आणि दहा रागांची रेकॉर्ड काढली. ती तेव्हा कुणी फारशी विकत घेतली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोतल्या फ्यूचर या त्रिकुटाने टीबी-३०३ ची बटणं पिरगाळत ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं आणि ‘ॲसिड हाउस’ हा प्रकार जगभर गाजला. चरणजित सिंगांची रेकॉर्ड एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा बाजारात आली, तेव्हा जगभरचे डीजे थक्क झाले. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत हा नाद निघाला होता! शिकागोवाल्यांनी तो इथून उचलला नव्हता, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. एकच यंत्र, दोन शहरं, दोघांची बोटं एकाच जागी पोहोचली. २०१५ मध्ये चरणजित सिंग गेले. त्याआधी त्यांना परदेशांतल्या मंचांवर बोलावून नव्या पिढीने ते ऐकलं, एवढं तरी समाधान.

टीआर-८०८ च्या पुढच्या पट्टीवर सोळा बटणं असतात. सोळा घरं, कोणत्या घरात ठोका ठेवायचा ते बटण दाबून ठरवायचं आणि यंत्र ते आवर्तन अखंड फिरवत राहतं. सोळाचं, चार-चारांत विभागलेलं आवर्तन! तीनताल ऐकत वाढलेल्या कानाला हे हिशेब कुणी शिकवायला नको.

आता ज्या अल्बममध्ये शब्द आणि ठोका पुन्हा समोरासमोर आले तो. १९८८ साली न्यूयॉर्कच्या जंगल ब्रदर्स या तिघांनी ‘स्ट्रेट आउट द जंगल’ हा पहिला अल्बम काढला. त्यातली बहुतेक गाणी फंक आणि जॅझच्या जुन्या तुकड्यांवर रचलेली, निवांत चालीची. टॉड टेरी या त्यांच्याच शहरातल्या निर्मात्याने तेव्हा रॉयल हाउस या नावाने ‘हाउस’ या नाचाच्या संगीतप्रकारातली एक धून केली होती, ती क्लबांत धुमाकूळ घालत होती. जंगल ब्रदर्सनी त्या धुनेवर सरळ रॅप चढवला. ‘आय’ल हाउस यू’ नावाचं ते गाणं पुढच्या प्रतींमध्ये अल्बमला जोडलं गेलं. तेव्हा रॅप ऐकणारे हाउसला नाकं मुरडत आणि हाउसवर नाचणारे रॅपला. एका गाण्याने दोन्ही घरांची दारं उघडली. शिकागोतही फास्ट एडी, टायरी कूपर अशी मंडळी त्याच खटपटीत होती. या मिश्रणाला ‘हिप-हाउस’ हे नाव पडलं.

यात अवघड काय, ते आकड्यांनी पाहू. रॅपची जुनी, आरामशीर लय मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपास. तिथे एका ठोक्याला ०.६७ सेकंद मिळतात. त्याचे चार भाग केले तर एका अक्षराला साधारण ०.१७ सेकंद. हाउसची लय मिनिटाला १२०-१२८. ती १२४ धरली तर ठोका ०.४८ सेकंदांचा आणि एका अक्षराच्या वाट्याला ०.१२ सेकंद. म्हणजे प्रत्येक घर भरायचं ठरवलं तर सेकंदाला आठ अक्षरं! एवढ्या वेगात अर्थ सांभाळणं, श्वास सांभाळणं आणि वर जीभ अडखळू न देणं म्हणजे कसरत आहे. त्यामुळे हाउसवर रॅप करणारा शहाणा कलाकार सगळी घरं भरत नाही. तो ओळ आखूड करतो, शब्द पुन्हा पुन्हा आणतो, मध्ये मोकळी घरं सोडतो. त्या मोकळ्या घरांत नाचणाऱ्याचे पाय पडतात. मला या कलेतलं सर्वांत देखणं शहाणपण हेच वाटतं: कुठे बोलायचं नाही ते कळणं.

वेळेची वाटणी झाली, आता जागेची. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-दीडशे हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि तिथेच, थोडं खाली, बेस पाय रोवून बसलेला असतो. दोघं एकत्र वाजले की चिखल होतो. म्हणून मिक्सिंग करणारा गायकाच्या आवाजातला अगदी खालचा भाग कापून टाकतो. आवाज कमजोर होईल असं वाटतं, पण होत नाही. उलट शब्द स्वच्छ होतात, कारण त्यांची ओळख वर, हजारांच्या घरात राहते. दुसरी युक्ती त्याहून मजेशीर आहे, तिला साइडचेन म्हणतात. ठोका पडला रे पडला की बाकीचे सूर आपोआप क्षणभर दबतात आणि ठोका विरला की पुन्हा उसळतात. अरुंद बांधावर दोघं समोरासमोर आले की एकाने अंग चोरावं आणि दुसऱ्याने पुढे जावं, तसं हे दर अर्ध्या सेकंदाला घडत असतं. नाचाच्या गाण्यात सगळं संगीत श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं, ते यामुळे.

आणि तो खालचा नाद नुसता कानाशी बोलत नाही, हे आता प्रयोगानेही दिसलं आहे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑर्फेक्स या जोडीच्या खऱ्याखुऱ्या मैफलीत ८ ते ३७ हर्ट्‌झचा, म्हणजे जवळजवळ ऐकूच न येणारा नाद काढणारे स्पीकर दर काही मिनिटांनी चालू-बंद केले. प्रेक्षकांच्या डोक्याला हालचाल मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. स्पीकर चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलत होते, आणि तो नाद कधी चालू आहे हे त्यांना ओळखता येत नव्हतं. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिरवणुकीत कडेला हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाची टाच नकळत हलायला लागते, तिचं थोडं गूढ इथे उकलतं.

हे सगळं वाचून वाटेल की यंत्र आलं, संगणक आला, म्हणून अशी वाटणी सुचली. मग आपल्याकडचा गोंधळ आठवा. संबळाची दोन तोंडं, एक घुमणारं, एक चढं. तुणतुण्याची तार सगळ्यांच्या वर. आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात गोंधळ्याचा आवाज, कथा सांगणारा. कुणी हर्ट्‌झ मोजले नव्हते. अंगणात बसलेल्या शेवटच्या म्हातारीला शब्द कळले पाहिजेत एवढीच अट होती. हलगीचंही तसंच: एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. एक ठोका अंगात, एक कानात.

श्रीगोंद्याला तर शब्द आणि ठेका यांच्या नात्याची थोर परंपरा आहे. शेख महंमद महाराज या गावचे. जन्माने मुसलमान, वाणीने मराठी, ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिणारे सतराव्या शतकातले संत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले त्यांना गुरू मानत, असं परंपरा सांगते. त्यांचे अभंग वारकऱ्यांच्या तोंडी राहिले ते कसे? टाळ-मृदंगावर. वारकरी कीर्तनात बुवा बोलतात, चरण म्हणतात, टाळकरी तो उचलतात, लय वाढत वाढत गजराला पोहोचते आणि उभ्या मंडळींची पावलं आपोआप पडायला लागतात. आधी कान, मग पाय. तत्त्वज्ञान सांगणारा शब्द आणि नाचायला लावणारा ठेका यांना वेगळं काढावं, असं त्या लोकांच्या मनातही आलं नसेल. संत एकनाथांच्या भारुडात सोंग घेऊन, नाचून, अर्धं बोलून अर्धं गाऊन जे सांगितलं जातं, ते पाहिलेल्या माणसाला रॅप परका वाटायचं कारण नाही. रॅप भारुडातून निघाला असं मी म्हणत नाही, ते खोटं ठरेल. पण भारुडाने घडवलेला कान रॅपसाठी तयार असतो, हे मी ठामपणे म्हणेन.

मराठी भाषेचं शरीरही या कामाला अनुकूल आहे. ट, ठ, ड, ढ, ण, ळ म्हणताना जीभ मागे वळून टाळ्यावर आदळते. प्रत्येक अक्षर म्हणजे छोटी थाप. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गिळतो, त्यामुळे शब्द व्यंजनावर खटकन थांबतो. ठोक्याला हे फार आवडतं.

म्हणूनच २०२४ साली ‘तांबडी चामडी’ आलं तेव्हा मला आनंद झाला आणि हायसंही वाटलं. क्रेटेक्स या नावाने वाजवणारे कृणाल घोरपडे आणि रॅपर श्रेयस यांचं हे गाणं. खाली अस्सल हाउसचा ठोका, वर चक्क मराठी रॅप, आणि विषय आपल्या उन्हात रापलेल्या कातडीचा अभिमान. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या नाचाच्या संगीतातल्या बड्या कंपनीने ते प्रसिद्ध केलं. मराठी न समजणाऱ्यांनीही त्यावर नाच केला. क्रेटेक्स आपल्या या शैलीला ‘एम-हाउस’ म्हणतात. त्यातला एम मराठीचा. गाणं कान देऊन ऐका: ओळी आखूड, अक्षरं परत परत येणारी, ठोक्याच्या मधल्या घरांत नेमकी बसणारी. वर मांडलेला ०.१२ सेकंदांचा हिशेब तिथे पूर्ण सुटलेला दिसतो. पुण्यातून वर आलेला एमसी स्टॅन आणि मुंबईचा डिव्हाइन यांनी हिंदी रॅपमध्ये महाराष्ट्राच्या वस्त्या आणल्या, ते मोठंच काम. मराठीत नाचाचा ठोका आणणं हे वेगळं काम होतं.

पण एक गाणं वेगळं आणि अल्बम वेगळा. एका गाण्यात नुसती झिंग पुरते. अल्बममध्ये अर्धा-पाऊण तास माणसाला बरोबर न्यावं लागतं. कुठे लय उतरवायची, कुठे ठोका काढून घेऊन नुसता आवाज ठेवायचा, दुःखाची गोष्ट नाचाच्या गाण्यात कुठे पेरायची. कॅलिफोर्नियाच्या व्हिन्स स्टेपल्सने २०१७ मध्ये ‘बिग फिश थिअरी’त हे करून दाखवलं. हाउस आणि टेक्नोच्या ठोक्यांवर त्याने प्रसिद्धी, एकटेपणा आणि मृत्यू यांबद्दलचा रॅप केला आणि अल्बम पस्तीस-चाळीस मिनिटांत आटोपला. पाय नाचत असतात आणि मन जड होत जातं. गजरात डोळे भरून आलेला माणूस आपण पाहिलेला असतो, त्यामुळे हे दोन्ही एकत्र घडू शकतं हे आपल्याला पटवून द्यावं लागत नाही.

श्रीगोंद्यातल्या, काष्टीतल्या, बेलवंडीतल्या पोरांना माझं सांगणं आहे. आज लॅपटॉप आणि एक बरा माइक असला तरी घरात गाणं तयार होतं. तुमच्याकडे हलगीवाले आहेत, संबळ आहे, टाळकरी आहेत. ते रेकॉर्ड करून ठेवा, ती माणसं वाजवताहेत तोवर, आणि त्यांना त्यांचं मानधन द्या, नाव द्या. लिहायला विषय आहेत: कारखान्याची तोड, लिंबाचे पडलेले भाव, काष्टीचा जनावरांचा बाजार, पेडगावच्या किल्ल्यावरची संध्याकाळ, पुण्याला कामाला गेलेला भाऊ. ठोका १२४ वर लावा आणि सगळी घरं भरू नका.

आणि आवाज वाढवण्याआधी एक करा. कायद्याने वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद आहे. मळ्यातली म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गोठ्यातली जनावरं त्या सात मीटरच्या लाटेला अडवू शकत नाहीत. चांगल्या हेडफोनवर ठोका अंगात बसणार नाही, पण शब्द आणि ठोका दोन्ही स्वच्छ ऐकू येतात, तसे ते भिंतीएवढ्या डीजेसमोर येत नाहीत. आज रात्री तसं एकदा ऐकून पाहा, गाणं ‘तांबडी चामडी’पासून सुरू करा.